एडगर कॉड : तक्त्यांना शिस्त लावणारा गणिती

ज्यांच्या कामाचा लाभ आपण रोज घेतो, पण ज्यांचे नाव आपल्या कानांवर क्वचितच येते, अशा थोर पुरुषांत मी एडगर फ्रँक कॉड यांची गणना करतो. बँकेतील खाते, रेल्वेचे आरक्षण, परीक्षेचा निकाल यांच्यामागे संगणकात जे तक्ते असतात, त्यांचे शास्त्र या गणितज्ञाने घडविले.

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमधील पोर्टलंड येथे झाला. वडील चामड्याचे व्यावसायिक, आई शिक्षिका; सात भावंडांत ते धाकटे. ऑक्सफर्डला गणित व रसायनशास्त्र शिकत असताना महायुद्ध आले आणि ते वैमानिक झाले. १९४८ मध्ये ते अमेरिकेत आयबीएम या कंपनीत रुजू झाले. १९५३ मध्ये सेनेटर मॅकार्थी यांनी चालविलेल्या छळवादाला विटून ते कॅनडात निघून गेले व काही वर्षांनी परतले. चाळिशी उलटल्यावर, १९६५ मध्ये, त्यांनी मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

त्या काळी संगणकातील माहिती झाडाच्या फांद्यांप्रमाणे रचलेली असे. हवी ती नोंद कोणत्या फांदीवर आहे, ते आधी ठाऊक असावे लागे; फांदी हलली की प्रोग्रॅम कोलमडे. १९७० मध्ये कॉड यांनी सुचविले की, सारी माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी व संचांच्या गणिताने ती हाताळावी. पाठोपाठ तक्ते निर्दोष कसे आखावेत, याचे नियमही त्यांनी सांगितले. यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात.

हे नियम मला आपल्या गोव्यातील एक-चौदाच्या उताऱ्यावरून चांगले उमगतात. पेडणे असो वा डिचोली, जमिनीचे क्षेत्र, कब्जेदार, कूळ, इतर हक्क, पीक हे सारे त्या एका कागदावर असते. वाचणाऱ्याला ते सोयीचेच. पण संगणकात साठवताना एकच मोठा तक्ता केला तर घोटाळा होतो. समजा, एका रकान्यात चार भावांची नावे कोंबली. मग एकाच भावाच्या जमिनी शोधायच्या कशा? म्हणून पहिला नियम : एका घरात एकच नोंद. आता प्रत्येक भावाची ओळ वेगळी केली, तर क्षेत्राचा आकडा चार वेळा लिहावा लागतो. क्षेत्र जमिनीचे असते, भावाचे नव्हे. म्हणून दुसरा नियम त्याला जमिनीच्या तक्त्यात पाठवितो आणि भावाचा पत्ता माणसांच्या तक्त्यात. माणसांच्या तक्त्यात प्रत्येकापुढे गाव व तालुका लिहिला, तरी एक दोष उरतोच. मांद्रे पेडण्यात आणि मये डिचोलीत, हे गावावरून ठरते, माणसावरून नव्हे. तिसरा नियम म्हणून गावांचा तक्ता निराळा करतो.

ही निव्वळ टापटीप नव्हे. एकच गोष्ट चार जागी लिहिली आणि तीनच जागी दुरुस्त झाली, तर खरी कोणती, हे संगणक सांगू शकत नाही. ज्याचा हक्क त्या कागदावर टिकून आहे, त्या गरीब कुळालाच अखेर खेटे घालावे लागतात. शिवाय एखाद्याची शेवटची जमीन विकली गेली व ती ओळ पुसली, तर त्याचा पत्ताही पुसला जातो.

कॉड यांचे म्हणणे त्यांच्याच कंपनीने सहज स्वीकारले नाही, कारण तिचा जुन्या पद्धतीचा माल चांगला खपत होता. पण त्यांनी चिकाटी सोडली नाही. १९७१ मध्ये त्यांनी दुसरा व तिसरा नियम मांडला. १९७४ मध्ये रेमंड बॉइस या तरुण सहकाऱ्यासह आणखी कडक नियम दिला. बॉइस त्याच वर्षी अकाली वारले. ओरॅकलचा माल १९७९ मध्ये बाजारात आला; आयबीएमचा डीबी-टू १९८३ मध्ये. मधल्या काळात, १९८१ साली, कॉड यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च असे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.

आपल्यापैकी कित्येकजण उद्या मामलेदार कचेरीत, बँकेत वा पतसंस्थेत काम करतील. मला त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, तक्ता आखताना प्रत्येक रकान्यापाशी थांबून पाहावे : ही नोंद नेमकी कोणाविषयी आहे, जमिनीविषयी, माणसाविषयी की गावाविषयी? उत्तर वेगळे आले, तर तिची जागाही वेगळी करावी.