दीनबंधु लॉर्ड शाफ्ट्सबरी

थोर पुरुषांचीं चरित्रें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बहुधा सेनापति, शास्त्रज्ञ किंवा राज्यकर्ते उभे राहतात. ज्यानें एकही लढाई जिंकली नाहीं, कोणताही शोध लावला नाहीं व जो कधींही मुख्य प्रधान झाला नाहीं, अशा एका पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे. वरवर पाहतां त्याची कामगिरी अगदीं साधी दिसते. पार्लमेंटांत बसून त्यानें वेड्यांच्या, मजुरांच्या व अनाथ मुलांच्या वतीनें ठराव मांडले, दुसऱ्यांनीं मांडलेल्या चांगल्या ठरावांस पाठिंबा दिला, आणि ते फेटाळले गेले म्हणजे पुनः मांडले. परंतु हें काम त्यानें पन्नासांहून अधिक वर्षें केलें, आणि त्या पन्नास वर्षांत इंग्लंडांतील गोरगरिबांचें जीवन पालटून गेलें.

अँथनी ॲश्ली कूपर याचा जन्म ता. २८ एप्रिल १८०१ रोजीं लंडन शहरांत एका उमराव घराण्यांत झाला. घरांत संपत्तीची वाण नव्हती. वाण होती ती मायेची. आईबाप कठोर व मुलांविषयीं उदासीन होते. त्यामुळें एवढ्या श्रीमंत घरांतील तीं मुलें कधीं भुकेलेलीं, तर कधीं थंडीनें कुडकुडत राहत. अशा वेळीं मारिया मिलिस नांवाच्या एका वृद्ध नोकराणीनें या मुलास पोटाशीं धरलें. तिनेंच त्यास प्रार्थना करण्यास शिकविलें व पवित्र शास्त्रांतील गोष्टी सांगितल्या. अँथनी लहान असतांनाच ती वारली व मरतांना आपलें सोन्याचें घड्याळ त्यास देऊन गेली. पुढें मोठेपणीं त्यानें तेंच घड्याळ अखेरपर्यंत वापरलें. एका नोकराणीनें लहानग्याच्या मनांत पेरलेल्या बीजाचें पुढें केवढें झाड झालें, हें ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत त्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

हॅरो येथील शाळेंत असतांना एके दिवशीं त्याच्या दृष्टीस एक प्रेतयात्रा पडली. मृत मनुष्य अगदीं निर्धन होता. प्रेतपेटी वाहणारे दारूच्या धुंदींत आरडाओरड करीत चालले होते; त्यांच्या हातून ती पेटी रस्त्यावर पडली व ते शिव्याशाप देऊं लागले. हा प्रकार पाहून त्या मुलाचें अंतःकरण हेलावलें. केवळ गरीब म्हणून मनुष्याची मेल्यावरही अशी विटंबना व्हावी काय, या विचारानें त्यानें गरिबांच्या कामीं आपलें आयुष्य वेंचण्याचा निश्चय केला. लहानपणीं निश्चय अनेक जण करतात. तो मोठेपणीं पाळणारे थोडे.

१८२२ सालीं ऑक्सफर्ड येथील परीक्षेंत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होऊन १८२६ सालीं ते कॉमन्स सभेंत निवडून आले. त्या वेळीं त्यांना लॉर्ड ॲश्ली म्हणत. शाफ्ट्सबरीचे अर्ल ही पदवी त्यांना १८५१ सालीं वडिलांच्या मृत्यूनंतर मिळाली. १८२७ सालीं लंडनच्या आसपासच्या निर्धन वेड्यांची स्थिति तपासण्यासाठीं सभेनें एक समिति नेमली व तींत त्यांची निवड झाली. बेथ्नल ग्रीन येथील वेड्यांच्या खाजगी इस्पितळांत कसा प्रकार चालतो, हें त्या समितीपुढें उघड झालें. शनिवारीं सायंकाळीं रोग्यांस गवत पसरलेल्या पेटीवजा खाटांवर साखळ्यांनीं जखडून ठेवीत, तें सोमवारीं सकाळीं सोडीत. मग अंगणांत नेऊन थंडीच्या दिवसांतही गार पाण्यानें धूत. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट गॉर्डन नांवाच्या सभासदानें ही स्थिति सुधारण्याचें बिल आणण्यासाठीं ठराव मांडला, तेव्हां लॉर्ड ॲश्ली त्यास अनुमोदन देण्यास उभे राहिले. त्यांचें पहिलें महत्त्वाचें भाषण तें हेंच. त्यांचा आवाज इतका लहान निघाला कीं, वृत्तांत लिहिणाऱ्यांस तें धड ऐकूंही आलें नाहीं. परंतु बिल पास झालें, व देखरेखीसाठीं नेमलेल्या मंडळावर त्यांची नेमणूक झाली. १८४५ सालीं त्यांच्याच खटपटीनें प्रत्येक परगण्यानें वेड्यांसाठीं इस्पितळ बांधलें पाहिजे असा कायदा झाला व तपासणीसाठीं कायमचें कमिशन स्थापन झालें. मंडळावरील १८२८ सालच्या पहिल्या नेमणुकीपासून १८८५ सालीं मरण येईपर्यंत, म्हणजे ५७ वर्षें, त्यांनीं हें काम सोडलें नाहीं.

दुसरें मोठें काम त्यांच्याकडे चालून आलें. कापसाच्या व लोंकरीच्या गिरण्यांत लहान मुलें बारा-बारा, चौदा-चौदा तास राबत. कामाचे तास दहांवर आणावे म्हणून मायकेल सॅडलर हे पार्लमेंटांत झगडत होते. परंतु १८३२ सालच्या निवडणुकींत ते पडले. तेव्हां कामगारांच्या वतीनें रेव्हरंड जॉर्ज बुल यांनीं लॉर्ड ॲश्ली यांस गळ घातली. हें काम पत्करलें तर धनिक गिरणीमालकांचें वैर पदरीं पडणार व मोठ्या अधिकाराची आशा सोडावी लागणार, हें त्यांस दिसत होतें. त्यांनीं पत्नीचा सल्ला विचारला. तिनें धीर दिला व त्यांनीं तें पत्करलें. १८३३ सालच्या कायद्यानें बहुतेक गिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांस घेण्यास बंदी झाली, ९ ते १३ वर्षांच्या मुलांस आठवड्यास ४८ तासांची मर्यादा पडली व सरकारी तपासनीस नेमले गेले. परंतु मोठ्यांचे दहा तास दूरच राहिले.

मध्यंतरीं त्यांची दृष्टि कोळशाच्या खाणींकडे वळली. त्यांच्या ठरावावरून १८४० सालीं मुलांच्या मजुरीची चौकशी करण्यास एक कमिशन नेमण्यांत आलें. १८४२ सालीं त्याचा अहवाल चित्रांसह प्रसिद्ध झाला, तेव्हां सारें राष्ट्र थक्क झालें. पांच-सहा वर्षांचीं मुलें जमिनीखालीं काळोखांत एकटीं बसून हवा खेळती ठेवण्याचे दरवाजे उघडीत व लावीत. त्यांचा दिवस बारा तासांचा असे. मुली व स्त्रिया कमरेस पट्टा व साखळी बांधून, हातापायांवर रांगत, कोळशाच्या गाड्या ओढीत. ता. ७ जून १८४२ रोजीं लॉर्ड ॲश्ली यांनीं सभेंत दोन तास भाषण केलें. तें ऐकतांना अनेकांचे डोळे पाणावले. उमरावांच्या सभेंत खाणीमालकांनीं विरोध केला व मुलग्यांची वयोमर्यादा १३ वरून १० वर आणली. तरीही त्याच वर्षीं स्त्रिया, मुली व १० वर्षांखालील मुलगे यांस खाणींत उतरविण्यास कायद्यानें बंदी झाली.

आतां त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण प्रसंग सांगतों. जानेवारी १८४६ मध्यें त्यांनीं दहा तासांचें बिल पुनः मांडलें. त्याच सुमारास परदेशी धान्यावरील जकात उठविण्याचा प्रश्न पार्लमेंटापुढें आला. जकात राखावी अशा मताचे म्हणून डॉर्सेट परगण्यांतील शेतकऱ्यांनीं त्यांना निवडून दिलें होतें. परंतु विचारांतीं जकात उठविणेंच योग्य, असें त्यांचें मत झालें होतें. जकातीच्या बाजूनें मत द्यावें तर सद्‌सद्विवेकाशीं अप्रामाणिकपणा, विरुद्ध द्यावें तर मतदारांशीं विश्वासघात! त्यांनीं जागेचा राजीनामा दिला. तेरा वर्षें जपलेलें बिल अर्ध्यावर टाकून ते सभेबाहेर पडले. गिरणीमालक असूनही कामगारांचा कैवार घेणारे जॉन फील्डन यांनीं तें पुढें चालविलें, आणि १८४७ सालीं स्त्रिया व १८ वर्षांखालील मुलें यांच्यासाठीं दहा तासांचा कायदा पास झाला. त्या दिवशीं लॉर्ड ॲश्ली सभासद नव्हते. श्रेय कोणास मिळतें याची त्यांस क्षिति वाटली नाहीं; राजीनामा दिल्यावरही ते गांवोगांव फिरून त्याच बिलासाठीं सभा भरवीत राहिले.

१८४७ सालीं ते बाथ शहरातर्फे पुनः निवडून आले. १८४८ सालीं स्थापन झालेल्या सार्वजनिक आरोग्याच्या मंडळावर त्यांची नेमणूक झाली. लवकरच लंडनमध्यें पटकीची भयंकर सांथ आली. शहर सोडून जाणें शक्य असतांही ते तेथेंच राहून काम करीत होते. घाणेरडें पाणी, तुंबलेलीं गटारें व कोंदट खोल्या यांमुळें रोग माजतात हें पाहून १८५१ सालीं त्यांनीं मजुरांच्या बिऱ्हाडांविषयीं दोन कायदे करवून घेतले. क्रिमियाच्या युद्धांत इंग्रजी शिपाई लढाईपेक्षां इस्पितळांतील घाणीनेंच अधिक मरूं लागले, तेव्हां १८५५ सालीं तेथें आरोग्य-कमिशन पाठवावें असा आग्रह त्यांनींच धरला. त्या कमिशनच्या कामाचा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं पुढें मोठा गौरव केला.

कायदा झाला म्हणजे काम झालें असें मात्र नाहीं. इंग्लंडांतील घरांचीं धुराडीं अरुंद व वांकडीं असत. तीं झाडण्यासाठीं लहान मुलांस आंत चढवीत. त्यांचे गुडघे व कोपर सोलून निघत, काजळीनें रोग जडत, कांहीं आंतच गुदमरून मरत. १८४० सालीं २१ वर्षांखालील कोणासही धुराड्यांत चढविण्यास बंदी झाली. परंतु घरमालकांनीं व अधिकाऱ्यांनीं कानाडोळा केला. १८६४ सालीं दुसरा कायदा झाला. तोही तसाच पडून राहिला. १८७५ सालीं एका वेड्यांच्या इस्पितळाच्या धुराड्यांत एका मुलाचा अंत झाला, तेव्हां शाफ्ट्सबरी यांनीं पुनः बिल आणलें. या वेळीं धंद्यास पोलिसांचा परवाना आवश्यक करण्यांत आला व कायदा पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्याचें काम पोलिसांवर सोंपविलें गेलें. तेव्हां कोठें ती दुष्ट चाल बंद पडली. एका वाक्याचा कायदा अंमलांत येण्यास ३५ वर्षें लागलीं!

आपल्या देशाशींही त्यांचा संबंध आला. १८४३ सालींच त्यांनीं हिंदुस्थानांतून चीनमध्यें चालणाऱ्या अफूच्या व्यापाराविरुद्ध ठराव मांडला होता. १८७५ व १८७९ सालीं त्यांनीं उमरावांच्या सभेंत मुंबईकडील गिरण्यांत राबणाऱ्या मुलांचा व स्त्रियांचा प्रश्न काढला. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांस मुंबईच्या गिरण्यांची चढाओढ खुपत होती, म्हणून या खटपटीविषयीं येथें पुष्कळांस संशय वाटला, आणि तो अगदींच निराधार नव्हता. परंतु ज्या पुरुषानें लँकेशायरच्या गिरणीमालकांशीं सारी हयात झगडा केला, त्याचा हेतु त्यांची तिजोरी भरण्याचा नसावा हें उघड आहे. १८८१ सालीं हिंदुस्थानांतील पहिला फॅक्टरी-कायदा झाला. त्यानें ७ वर्षांखालील मुलांस मोठ्या कारखान्यांत बंदी केली व ७ ते १२ वर्षांच्या मुलांस ९ तासांची मर्यादा घातली. हें फारच थोडें होतें. पुढचें काम येथल्याच माणसांनीं केलें. ‘दीनबंधु’ पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि त्यांच्या खटपटीनें १८९० सालीं कामगारांस रविवारची सुटी मिळाली.

शाफ्ट्सबरी यांच्या ठायीं उणीवा नव्हत्या असें नाहीं. गरिबांची दया त्यांस होती, परंतु गरिबांस मताधिकार द्यावा हें त्यांस पटलें नाहीं. १८३२ व १८६७ या दोन्ही सालच्या मताधिकाराच्या सुधारणांस ते प्रतिकूल होते. १८५० सालीं दहाऐवजीं साडेदहा तासांची तडजोड त्यांनीं मान्य केली, म्हणून ज्या कामगारांसाठीं ते झिजले त्यांनींच त्यांस दोष दिला. तरी रस्त्यावरचीं पोरकीं पोरें त्यांस विसरलीं नाहींत. चिंध्या पांघरणाऱ्या मुलांसाठीं निघालेल्या मोफत शाळांच्या संघाचे ते १८४४ पासून सुमारें चाळीस वर्षें प्रमुख होते. लंडनच्या गरीब फेरीवाल्यांनीं त्यांस प्रेमानें एक गाढव नजर केलें व त्यांनीं तें मोठ्या आदरानें स्वीकारलें.

ता. १ ऑक्टोबर १८८५ रोजीं त्यांचें देहावसान झालें. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें प्रार्थना झाली, तेव्हां रस्त्याच्या दुतर्फा हजारों गोरगरीब उभे होते. राजांच्या पंगतींत पुरलें जाण्याचा मान न घेतां, त्यांच्या इच्छेनुसार त्यांस आपल्या गांवींच मूठमाती देण्यांत आली. लहानपणीं एका निर्धनाच्या प्रेताची विटंबना पाहून कळवळलेल्या मुलाच्या प्रेतामागें निर्धनांनींच अश्रु ढाळले.

मुलांनो, दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण वर्गांत वाचतों. वाटेवर पडलेल्या एका जखमी मनुष्यास उचलणें हें पुण्यकर्म खरेंच. परंतु त्या वाटेवर पुनः कोणी लुटला जाऊं नये म्हणून वर्षानुवर्षें खटपट करणें, हेंही त्याच प्रीतीचें काम आहे. आणि पालकांस एक विनंति. आपल्या राज्यघटनेनें १४ वर्षांखालील मुलास कारखान्यांत, खाणींत व धोक्याच्या कामांत लावण्यास मनाई केली आहे. तरीही चहाच्या दुकानांत कपबशा विसळणारा एखादा मुलगा आपल्या दृष्टीस पडतो, व आपण पुढें निघून जातों. धुराड्यांचा कायदा ३५ वर्षें पुस्तकांत पडून राहिला, तो असाच पुढें निघून जाणाऱ्या चांगल्या माणसांमुळें. त्या मुलाचें नांव विचारावें, तो शाळेंत कां जात नाहीं याची चौकशी करावी, व आपल्यानें होईल तें करावें. एवढें आपणांपैकीं प्रत्येकास करतां येण्यासारखें आहे.