जागेपणाचा नेम

घरोघरच्या दत्तभक्तांचा हा अनुभव आहे. हात माळ ओढतो, ओठ नाम घेतात आणि मन मात्र केव्हाच बँकेत, दवाखान्यात नाहीतर परगावच्या मुलाकडे जाऊन पोचलेलं असतं. मेरुमणी बोटाला लागला की कळतं, १०८ मणी सरले, पण आपण तिथे नव्हतोच. आमच्या देवळातली वडीलधारी मंडळी मला कधी कधी विचारतात, इतकी वर्षं केलेलं हे सगळं वाया गेलं का हो? अशा वेळी मला प. प. श्रीमद् वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचं चरित्र आठवतं.

महाराजांचा जन्म सावंतवाडीजवळच्या माणगावचा. श्रावण वद्य पंचमी, शके १७७६, म्हणजे १३ ऑगस्ट १८५४. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. घर गरीब, पण वेदाध्ययनाचं आणि दत्तभक्तीचं. एकविसाव्या वर्षी अन्नपूर्णाबाईंशी विवाह झाला. महाराज जन्मतःच संन्यासी नव्हते, हे आपण संसारी माणसांनी नीट ध्यानात घ्यावं. वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत ते गृहस्थच होते. घरातली तंगी, चार लोकांचं बोलणं, बायकोची काळजी, हे सगळं त्यांच्याही वाट्याला आलं.

१८८३ साली त्यांनी माणगावला दत्तमंदिर उभं केलं. सुमारे सात वर्षं तिथे सेवा केली. नाव झालं, माणसांची रीघ लागली. आणि एक दिवस दत्तगुरूंची आज्ञा होताच, आपल्या हातांनी उभं केलेलं ते सगळं तिथेच ठेवून पत्नीसह ते बाहेर पडले. माणगावच्या त्या देवळात मी उभा राहतो तेव्हा मला या निघण्याचंच मोठं नवल वाटतं. चांगल्या गोष्टीचीसुद्धा सवय होते, आणि सवय लागली की माणूस आत झोपी जातो. महाराज तिथे झोपले नाहीत.

१८९१ साली गोदाकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत महाराजांनी संन्यास घेतला आणि उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला. तिथून पुढे २३ चातुर्मास झाले, पहिला उज्जैनला आणि शेवटचा गरुडेश्वरला. हरिद्वार, ब्रह्मावर्त, नरसोबावाडी, कुरवपूर असा सारा प्रवास पायी, अनवाणी. पैशाला स्पर्श नाही. भिक्षा मिळेल ती.

यतिधर्मात एक नियम आहे. पाऊल टाकायचं ते जमीन बघून, पाणी प्यायचं ते गाळून, बोलायचं ते सत्याने शुद्ध झालेलं. आपण याला सोवळं म्हणतो आणि सोडून देतो. पण जरा विचार करा. पायाखाली किडामुंगी चिरडू नये म्हणून जो प्रत्येक पाऊल बघून टाकतो, त्याचं मन दुसरीकडे जाईल कसं? महाराजांची कडक शिस्त लोकांना धाक वाटायची. मला तो जागेपणाचा पहारा वाटतो. संग्रहणीने देह पोखरला होता, तरी स्नान, जप, लेखन, आलेल्याची विचारपूस यांतलं काही त्यांनी उरकलं असं झालं नाही.

आपल्या दत्तप्रभूंची रीतही हीच. अवधूताने चोवीस गुरू केले, ते मठात बसून नव्हे. पृथ्वी, वारा, कबुतर, मधमाशी, बाण घडवणारा कारागीर, हे सगळे रोज सर्वांच्याच डोळ्यांसमोर असतात. अवधूताने ते पाहिले, एवढाच काय तो फरक. त्या कारागिराच्या शेजारून राजाची स्वारी गेली, तरी त्याची नजर बाणावरून हलली नाही.

करुणात्रिपदी महाराजांचीच. दिगंबरा हा अठरा अक्षरांचा मंत्रही त्यांच्यामुळेच घरोघरी पोचला. पाठ झालेलं ओठांवर आपोआप येतं, हा त्या पाठांतराचा गुण आणि तोच धोका. म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगतो, काही वाया गेलेलं नाही. मन भटकलं हे ज्या क्षणी कळलं, तो क्षण जागेपणाचाच होता. त्या मण्यापासून पुन्हा सुरुवात करावी. गुडघे दुखतात, पारायणाला बैठक जमत नाही, तर एकच अध्याय वाचावा, पण ऐकत वाचावा. तुळशीला पाणी घालताना माती कशी भिजते ते पाहावं. सुनेने चहा आणून ठेवला तर वर बघून तिच्याशी दोन शब्द बोलावेत. नातवंडाने हाक मारली तर पुरतं वळून बघावं. हीसुद्धा सेवाच आहे.

आषाढ शुद्ध प्रतिपदा, शके १८३६, २४ जून १९१४ रोजी गरुडेश्वरला नर्मदाकाठी महाराजांनी देह ठेवला. नर्मदा आजही तिथे वाहते आहे. जायचा योग आला तर घाटाच्या पायऱ्या सावकाश, एकेक बघून उतरा.

श्रीगुरुदेव दत्त!