न विकली गेलेली ऑस्टिन

या लेखाचं मूळ आमच्या होस्टेलवरच्या एका भांडणात आहे. रूम पार्टनरच्या मामांना नागपुरात दोन जुन्या गाड्या विकाऊ सापडल्या. दोन्ही हाताने बनवलेल्या, उघड्या, दोन सीटच्या, इंग्लंडच्या लोटस सेव्हनची नक्कल. एकीत मारुती ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन, दुसरीत अ‍ॅम्बेसेडरचं १८०० सीसीचं इसुझू. किंमत जवळपास सारखीच. मामांचं यवतमाळात मेडिकल स्टोअर, गाडी निव्वळ हौसेची. भाचा मेकॅनिकलला म्हणून सल्ला आमच्याकडे मागितला. रात्री दोनपर्यंत चर्चा झाली आणि सगळ्यांनी १८०० वर शिक्का मारला. का, तर पॉवर जास्त! हात मीही वर केला होता. मग वाटलं, ज्याने ही गाडी मुळात काढली त्याने तिच्यात काय घातलं होतं, ते तरी बघू. तो माणूस म्हणजे कॉलिन चॅपमन.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील हॉर्नसी भागात रेल्वे हॉटेल चालवायचे. १९४५ साली पोरगा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगला गेला. (म्हणजे मेकॅनिकलचा नव्हे, सिव्हिलवाल्यांचा भाऊबंद! त्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) पण लक्ष अभ्यासात कमी आणि वॉरन स्ट्रीटच्या सेकंड हँड बाजारात जास्त. एका मित्राबरोबर जुनी गाडी घ्यायची, ठीकठाक करायची, विकायची. फायनलला गणिताने दगा दिला, पेपर पुन्हा द्यावा लागला.

१९४७ च्या शेवटी सरकारने खासगी गाड्यांचं पेट्रोल रेशन बंद केलं आणि बाजार झोपला. होत्या नव्हत्या त्या गाड्या पडेल भावात काढल्या. एक जुनी ऑस्टिन सेव्हन मात्र कोणी फुकटसुद्धा घेईना. तेव्हा त्याने ती मैत्रीण हेझल हिच्या घरामागच्या गॅरेजात नेऊन उघडली, प्लायवूडची बॉडी चढवली आणि १९४८ मध्ये स्पर्धेत उतरवली. हीच पहिली लोटस. विकली गेली असती तर पुढचा सगळा इतिहासच झाला नसता.

१९५१ च्या तिसऱ्या गाडीत खरी गंमत आहे. रेसिंगच्या त्या वर्गात ऑस्टिनचं ७४७ सीसीचं इंजिनच लावायचा नियम होता. त्यात चार सिलेंडर, पण हवा-पेट्रोल आत जायला वाटा दोनच, प्रत्येक वाट दोघांत सामायिक. दोन सिलेंडर एकाच नळावर भांडणाऱ्या शेजाऱ्यांसारखे एकमेकांचा वाटा ओढायचे. चॅपमनने वाटेत मधे पडदी घातली आणि प्रत्येक सिलेंडरला वेगळी वाट दिली. इंजिन तेच, सीसी तेवढीच, पण बाकीचे मागे पडले. पुढे ही युक्ती नियमानेच बंद केली गेली.

१ जानेवारी १९५२ ला हेझलकडून उसने घेतलेल्या पंचवीस पौंडांवर कंपनी उभी राहिली. जागा वडिलांच्या हॉटेलमागचा तबेला. तो स्वतः तेव्हा ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियम कंपनीत नोकरी करायचा आणि रात्री इथे. पहिला खपणारा माल म्हणजे मार्क सिक्स. पातळ नळ्यांची त्रिकोणात जोडलेली फ्रेम, अगदी आपल्या ट्रसच्या न्युमेरिकलसारखी! सुट्या भागांत विकल्यामुळे गाडीवरचा खरेदी कर वाचायचा, आणि इंजिन गिऱ्हाईकाने आपल्या खिशाप्रमाणे आणायचं. कोणी फोर्डचं ११७२ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह लावलं, कोणी एमजीचं.

१९५७ मध्ये तिच्यातूनच सेव्हन निघाली. साध्या सेव्हनमध्ये तेच फोर्ड, अवघे ४० हॉर्सपॉवर, म्हणजे आपल्या ओम्नीपेक्षा थोडेच जास्त. पण गाडीचं वजन साडेचारशे किलोच्या आसपास. ज्याला आणखी वेग हवा त्याच्यासाठी कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं १०९८ सीसीचं, ७५ हॉर्सपॉवरचं इंजिन. आता या क्लायमॅक्सचा जन्म कुठला? आग विझवायच्या पंपाचा! उचलून नेता यावा म्हणून पंपाचं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं केलेलं. रेसिंगवाल्यांना त्यात नेमकं हवं ते मिळालं. चॅपमनने १८०० सीसीचं कुठलंही लोखंडी धूड आणलं नाही, कारण त्याच्या लेखी इंजिनची पहिली चौकशी वजनाची होती. नाकावर वजन वाढलं की फ्रेम जाड करा, स्प्रिंग कडक करा, ब्रेक मोठे करा, आणि मिळालेली पॉवर तिथेच खर्ची घाला.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन आपल्या शकुंतलेला सत्तर वर्षं ओढत होतं. १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल आलं. पण रूळ तेच, पूल तेच, त्यामुळे गाडी नंतरही ताशी वीसेक किलोमीटरनेच यवतमाळहून मूर्तिजापूरला जायची.

चॅपमन पुढे फॉर्म्युला वनमध्ये गेला. १९६२ मध्ये त्याने नळ्यांची फ्रेमच काढून टाकली आणि पत्र्याचं कवच हेच अंग केलं. त्या घराण्याच्या गाडीत बसून जिम क्लार्क १९६३ मध्ये जगज्जेता झाला, १९६५ मध्ये पुन्हा. १९६६ पासून तीन लिटरचा नियम आला आणि क्लायमॅक्सने हात वर केले. चॅपमनने फोर्डला एक लाख पौंड द्यायला राजी केलं, कॉसवर्थच्या कीथ डकवर्थने डीएफव्ही बनवलं, आणि ४ जून १९६७ ला झँडफोर्टला पहिल्याच शर्यतीत क्लार्क जिंकला. या लोटस ४९ मध्ये इंजिनमागे फ्रेम नाहीच. इंजिन कवचाला बोल्ट केलेलं, आणि मागचं सस्पेन्शन थेट इंजिन-गिअरबॉक्सला. इंजिन हे ओझं न राहता तेच वजन पेलू लागलं. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत देखणी कल्पना.

पण या हलकेपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९६० मध्ये स्पाला स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं चाकच निखळलं. तो वाचला. ५ सप्टेंबर १९७० ला मोन्झाला योखेन रिंट गेला. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटल्याचं तपासात मानलं गेलं, आणि कडेचं रेलिंग नीट नव्हतं हेही. त्या वर्षीचं जगज्जेतेपद रिंटला मरणोत्तर मिळालं. चॅपमनला भक्तिभावाने वाचताना ही पानं उलटून पुढे जाता येत नाही. किती ग्रॅम काढायचे हे ड्रॉइंग बोर्डवर ठरतं आणि किंमत दुसराच मोजतो.

१९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्तीने लोटसला पुन्हा जिंकवलं. संघाचं हे सातवं अजिंक्यपद. शेवटची वर्षं डेलोरियन गाडीच्या प्रकल्पात गहाळ झालेल्या पैशांच्या सावटाखाली गेली. १६ डिसेंबर १९८२ ला हृदयविकाराने तो गेला, वय ५४. सेव्हनचे हक्क त्याने १९७३ मध्येच केटरहॅमला दिले होते. नकला तर जगभर झाल्या. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियनने अडीचशे पौंडांत अशी गाडी कशी बनवायची याचं पुस्तकच लिहिलं. इंजिन भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टचं.

तर मामा. आम्ही दोघं त्यांच्याबरोबर नागपूरला गेलो आणि दोन्ही गाड्या धर्मकाट्यावर नेल्या. आधी नुसती पुढची चाकं, मग नुसती मागची. काटेवाला आमच्याकडे वेड्यासारखा बघत होता. १८०० वालीचं नाक भलतंच जड निघालं. इंजिनच्या माउंटिंगजवळ ताजा काळा रंग होता. तो नखाने खरवडला तर खाली वेल्डिंगला केसाएवढी चीर. शिवाय आरसी बुकात इंजिन नंबर भलताच. ओम्नीवालीचं इंजिन बापडं आवाज करत होतं, पण नंबर जुळत होता आणि स्पेअर पार्ट्स यवतमाळात कुठेही मिळतात.

मामांनी ती घेतली. वर्धा सोडल्यावर पाऊस लागला. गाडीला टप नाही, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं.