जिगोरो कानो : दुर्बल शरीरातून जन्मलेली ज्युदो विद्या

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात गेल्या दशकात एक आगळे दृश्य पाहावयास मिळू लागले. नर्मदेच्या खोऱ्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या दृष्टिहीन मुली गादीवर समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या पोशाखाची कॉलर व बाही हातांनी घट्ट पकडतात आणि पंचांचा इशारा होताच झुंजू लागतात. स्वसंरक्षणासाठी काही स्वयंसेवी संस्थांनी सुरू केलेल्या प्रशिक्षणातून या मुली ज्युदोकडे वळल्या. त्यांपैकी एका तरुणीची दृष्टी बालपणी गोवराच्या आजाराने गेली होती. तिने २०१७ मध्ये ताश्कंद येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारतासाठी कांस्यपदक जिंकले. याच राज्यातील सिहोर जिल्ह्याचे कपिल परमार यांनी ५ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. ज्युदोमधील भारताचे हे पहिलेच पॅरालिंपिक पदक होय. लहानपणी विजेचा धक्का बसल्याने परमार यांची दृष्टी अधू झाली होती.

डोळ्यांना दिसत नसतानाही या खेळाडूंना एवढी मजल मारता आली, याचे श्रेय अर्थातच त्यांच्या जिद्दीला आहे. परंतु ही विद्याच मुळी अशा एका मुलाने घडविली, ज्याला लहानपणी कोणीही मल्ल म्हटले नसते. त्या मुलाचे नाव जिगोरो कानो. शरीराने किरकोळ आणि सोबत्यांच्या दांडगाईने त्रस्त असलेल्या या मुलाने पुढे जगाला ज्युदो दिला. जबलपूरच्या मुलींच्या यशाच्या निमित्ताने त्यांच्या जीवनकार्याचा हा परिचय.

बालपण आणि छळ

जिगोरो कानो यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८६० रोजी जपानमधील मिकागे या गावी झाला. हे गाव आज कोबे शहराचा भाग आहे. त्यांच्या मातुल घराण्याचा साके या तांदळाच्या मद्याचा मोठा व्यवसाय होता. वडील जिरोसाकू हे घरजावई होते. मात्र घरच्या धंद्यापेक्षा त्यांचा ओढा सरकारी कामाकडे आणि शिक्षणाकडे अधिक होता. १८६८ मध्ये जपानमधील शोगुनांची राजवट संपुष्टात आली व सम्राट मेइजी यांच्या नावाने नवे युग सुरू झाले. त्यानंतर थोड्याच काळात जिगोरो यांचे मातृछत्र हरपले. त्या वेळी ते नऊ-दहा वर्षांचे होते. पुढे वडिलांनी त्यांना राजधानी टोकियोला नेले.

तेथे १८७४ मध्ये परकीय भाषा शिकविणाऱ्या एका वसतिशाळेत त्यांना दाखल करण्यात आले. जिगोरो अभ्यासात अतिशय हुशार होते, पण देहयष्टी अगदीच लहान. वरच्या वर्गातील धटिंगण मुले त्यांना मारहाण करीत आणि हवे तसे राबवून घेत. बुद्धीच्या बळावर वर्गात मिळविलेला मान वर्गाबाहेर क्षणात धुळीला मिळे. पूर्ण वाढ झाल्यावरही कानो यांची उंची सुमारे पाच फूट दोन इंचच होती. आपण कधीच धिप्पाड होणार नाही, हे त्यांनी लवकरच ओळखले असावे.

दुर्बल माणूस बलवानाला हरवू शकेल अशी जुजुत्सू नावाची एक विद्या जपानात आहे, असे त्यांनी ऐकले होते. ती शिकण्याची इच्छा त्यांनी वडिलांकडे व परिचितांकडे व्यक्त केली. परंतु सामुराईंचा काळ सरला होता. बंदुका, आगगाड्या आणि पाश्चात्त्य विद्या यांच्या त्या दिवसांत या जुन्या कलेचा काय उपयोग, असे म्हणून सर्वांनी त्यांना परावृत्त केले. या विद्येचे अनेक गुरू त्या वेळी हाडवैद्याचा व्यवसाय करून पोट भरीत होते.

गुरूच्या शोधात

१८७७ मध्ये कानो टोकियो विद्यापीठात दाखल झाले. तेव्हा त्यांनी एक अनोखी युक्ती योजली. हाडे बसविणाऱ्या वैद्यांच्या पाट्या शोधीत ते शहरभर हिंडू लागले. अशाच एका वैद्यामार्फत त्यांची गाठ फुकुदा हाचिनोसुके या वस्तादांशी पडली आणि वयाच्या सतराव्या वर्षी त्यांचे शिक्षण सुरू झाले.

तालमीत फुकुशिमा नावाचा एक थोराड शिष्य होता. कानो यांना तो कधीही दाद देत नसे. कानो यांनी प्रथम सुमो कुस्तीतील डाव आजमावून पाहिले, पण त्यांचा उपयोग झाला नाही. मग त्यांनी ग्रंथालय गाठले आणि पाश्चात्त्य कुस्तीविषयीच्या पुस्तकांत त्यांना हवे ते सापडले. प्रतिस्पर्ध्याच्या पोटाखाली शिरून त्याला दोन्ही खांद्यांवर आडवे उचलायचे आणि पलीकडे टाकायचे, असा तो डाव होता. काही दिवसांच्या सरावानंतर त्यांनी फुकुशिमाला याच डावाने आसमान दाखविले. हा डाव आजही ज्युदोत काता-गुरुमा या नावाने शिकविला जातो. बळ अपुरे पडते तेथे अभ्यास कामी येतो, हा धडा कानो यांनी जन्मभर जपला.

१८७९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट जपानच्या भेटीवर आले असता त्यांच्यापुढे जुजुत्सूची प्रात्यक्षिके झाली. त्यांत तरुण कानो यांचाही सहभाग होता. त्यानंतर लवकरच गुरू फुकुदा निवर्तले. दुसरे गुरू इसो मासातोमो यांचाही १८८१ मध्ये मृत्यू झाला. कानो तिसऱ्या गुरूंकडे, किटो परंपरेतील इइकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे गेले. याच वर्षी त्यांनी विद्यापीठाचे शिक्षण पूर्ण केले.

बारा चटयांची शाळा

१८८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कानो यांनी टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात स्वतःची शाळा उघडली. तिचे नाव कोदोकान. सरावाची जागा अवघ्या बारा चटयांची होती आणि पहिल्या वर्षी शिष्य होते फक्त नऊ. शिष्यांकडून शुल्क घेतले जात नसे. खर्च भागविण्यासाठी कानो दिवसा अध्यापन करीत व रात्री भाषांतराची कामे करीत. शिष्यांच्या आदळआपटीने मंदिराची जमीन खचे. तेव्हा स्वतः कानो कंदील घेऊन जमिनीखाली शिरत आणि मोडलेल्या फळ्या दुरुस्त करीत.

येथेच त्यांनी जुन्या विद्येला नवे रूप दिले. जुजुत्सू या शब्दातील जुत्सू म्हणजे कला किंवा युक्ती. तिच्या जागी त्यांनी दो म्हणजे मार्ग हा शब्द योजला. जु म्हणजे मृदुता अथवा नमते घेणे. या नमते घेण्याचा अर्थ ते आकड्यांच्या साहाय्याने समजावून सांगत. समोरच्याचे बळ दहा आणि आपले सात असेल, तर त्याला विरोध करून आपण हरणारच. परंतु त्याने ढकलताच आपण तेवढेच मागे सरलो, तर तो पुढे झुकतो आणि त्याचा तोल जातो. त्या क्षणी त्याचे दहापैकी तीनच बळ कामी येते, आपले सात मात्र शाबूत असते.

गुरू इइकुबो यांच्याशी झुंजताना कानो यांना या तत्त्वाचा खरा उलगडा झाला. आधी प्रतिस्पर्ध्याचा तोल ढळवायचा आणि मगच डाव टाकायचा, हे त्यांच्या ध्यानी आले. तोल ढळविण्याच्या या क्रियेला जपानीत कुझुशी म्हणतात. कुस्तीच्या आखाड्यातील जाणकारांना हे नवे वाटणार नाही. आपल्याकडील धोबीपछाडही प्रतिस्पर्ध्याच्या पुढे येण्याच्या वेगावरच साधते. कानो यांचे वैशिष्ट्य असे की, वस्तादाच्या अनुभवात दडलेली ही गोष्ट त्यांनी कोणालाही क्रमाने शिकता येईल अशा शास्त्रात मांडली.

दुसरा बदल सुरक्षिततेचा. जिवावर बेतणारे प्रहार त्यांनी मुक्त झुंजीतून वगळले आणि केवळ ठरावीक क्रमाने करावयाच्या सरावात ठेवले. पडावे कसे, हे पाडण्याआधी शिकविण्यावर त्यांनी भर दिला. त्यामुळे अशक्त मुलालाही रोज शंभर वेळा पडून शंभर वेळा उठता येऊ लागले. शिष्यांची प्रगती मोजण्यासाठी त्यांनी १८८३ मध्ये दान ही श्रेणीपद्धती सुरू केली. त्सुनेजिरो तोमिता व शिरो साइगो हे पहिले मानकरी ठरले. यांपैकी साइगो हे अंगाने अगदी लहान होते. तरीही १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धात टोकियो पोलिसांच्या स्पर्धांमध्ये कोदोकानने जुन्या शाळांवर जी सरशी मिळविली, तिच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

शिक्षक कानो

कानो यांनी उदरनिर्वाहासाठी ज्युदो शिकविला नाही. ते पेशाने शिक्षक होते. कुमामोतो येथील उच्च विद्यालयाचे प्राचार्यपद भूषविल्यानंतर ते टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी ती धुरा वाहिली. चिनी विद्यार्थ्यांसाठीही त्यांनी संस्था चालविली. थोर चिनी साहित्यिक लू शुन तेथेच शिकले. १८९३ पासून कानो स्त्रियांनाही ज्युदो शिकवू लागले. त्या काळी हे धाडसाचे पाऊल होते.

१९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जपानने प्रथमच भाग घेतला. अवघ्या दोन धावपटूंच्या त्या पथकाचे नेतृत्व कानो यांच्याकडे होते. १९२२ मध्ये त्यांनी आपल्या शिकवणुकीचे सार दोन सूत्रांत बांधले. शक्तीचा सर्वोत्तम विनियोग हे पहिले सूत्र आणि परस्परांच्या साहाय्याने सर्वांचा उत्कर्ष हे दुसरे.

या विद्येचे भारताशी असलेले नातेही जुने आहे. रवींद्रनाथ टागोर यांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये कोदोकानचे प्रशिक्षक शिन्झो ताकागाकी शांतिनिकेतनात आले. तेथे मुलांबरोबर मुलींनीही ज्युदोचे धडे घेतले.

अखेरचा प्रवास

१९४० चे ऑलिंपिक टोकियोत व्हावे यासाठी कानो यांनी वृद्धापकाळात जगभर प्रवास केला. १९३६ मध्ये हा मान टोकियोला मिळाला. परंतु पुढच्याच वर्षी जपान व चीन यांच्यात युद्ध पेटले आणि अनेक देशांतून विरोधाचा सूर उमटू लागला. १९३८ मध्ये कैरो येथील बैठकीत कानो यांनी टोकियोची बाजू मांडली. तेथून अमेरिकामार्गे मायदेशी परतत असताना, ४ मे १९३८ रोजी हिकावा मारू या जहाजावर न्युमोनियाने त्यांचे निधन झाले. योकोहामा बंदर त्या वेळी दोन दिवसांच्या अंतरावर होते. वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांची ही यात्रा संपली. त्यानंतर दोनच महिन्यांनी जपानने ऑलिंपिकचे यजमानपद सोडून दिले.

ज्युदोला ऑलिंपिकमध्ये नेण्याविषयी स्वतः कानो फारसे आग्रही नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो खेळापेक्षा अधिक काही होता. तथापि १९६४ मध्ये टोकियोतच ज्युदोचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला. १९८८ च्या सोल पॅरालिंपिकपासून दृष्टिहीन पुरुषांसाठी आणि २००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकपासून दृष्टिहीन स्त्रियांसाठीही त्याची दारे खुली झाली.

वारसा जबलपूरपर्यंत

दृष्टिहीनांच्या ज्युदोत नियमांचा बदल फारच थोडा आहे. झुंजीच्या प्रारंभीच दोघांना परस्परांची पकड दिली जाते आणि ती पूर्ण सुटली तर झुंज थांबवून पुन्हा पकडीपासून सुरुवात होते. बाकीचे डाव, गुण आणि गादी बहुतांशी तीच. एवढ्या अल्प फेरबदलाने भागते, याचे कारण कानो यांच्या मूळ रचनेत आहे. प्रतिस्पर्ध्याचा तोल कोणत्या दिशेला झुकतो आहे, हे कॉलर आणि बाही धरलेल्या हातांना, तसेच गादीवर टेकलेल्या पावलांना कळते. तेथे नजरेवाचून फारसे अडत नाही.

कानो यांनी ही विद्या दृष्टिहीनांसाठी रचली नव्हती. ती त्यांनी एका किरकोळ मुलाच्या, म्हणजे स्वतःच्या, गरजेतून रचली. दुर्बलाला दया दाखवून बाजूला बसविण्याऐवजी त्याला पद्धत शिकवावी, ही त्यांची दृष्टी होती. अपंगत्व अथवा आजार असलेल्या मुलाला खेळातून सूट देणे सोपे असते. त्याला पडायला आणि पडून उठायला शिकविणे कठीण असते, कारण त्यासाठी शिकविणाऱ्याला वेळ द्यावा लागतो आणि पालकांना भीती आवरावी लागते.

जबलपूर परिसरातील ज्या मुलींना एकेकाळी घराबाहेर पाऊल टाकतानाही कोणाचा तरी हात धरावा लागे, त्या आज प्रतिस्पर्ध्याची बाही धरून गादीवर उभ्या आहेत. कानो यांच्या बारा चटयांच्या शाळेचा विस्तार तेथवर पोहोचला आहे.