केडगावची तरतूद

दुष्काळ कसा असतो, हे पंडिता रमाबाईंना कोणी सांगावे लागले नाही. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी सोळाव्या वर्षीच दक्षिणेतील दुष्काळात आई-वडील गमावले. थोरली बहीणही त्याच ओढगस्तीत गेली.

विधवा मुलींच्या शिक्षणासाठी ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास हलले. खर्चाचा भार अमेरिकेतील एका मंडळाने उचलला होता, पण तो दहा वर्षांपुरताच. १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून गदारोळ उठला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. शाळा तगली, तथापि मदतीची मुदत सरत आली होती. म्हणून रमाबाईंनी पुण्याहून दूर, लोहमार्गालगतच्या केडगावी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तेथे विहिरी खणाव्यात, फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा बेत होता.

झाडे हाती येण्यापूर्वीच संकट आले. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. १८९७ च्या आरंभी रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली-स्त्रियांना घेऊन परतल्या. इकडे पुण्यात प्लेग पसरलेला. नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा उत्पन्नासाठी घेतलेले शेतच निवारा झाले. प्रथम तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या; मागाहून इमारती झाल्या आणि मुक्ती सदन आकारास आले. शारदा सदनात शिकलेल्या मुलीच नव्या मुलींच्या शिक्षिका झाल्या.

१८९८ साली मुदत संपताच रमाबाईंनी अमेरिकेस जाऊन नव्याने मदत मिळवली. पण केवळ तिच्यावर विसंबल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना असे उद्योग शाळेच्या जोडीला चालू झाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली, तरी शिकवणे थांबले नाही.

आपल्यामागे हे कार्य कन्या मनोरमा सांभाळील, अशी त्यांची योजना होती. मनोरमाबाईंनी निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यासही मुलींची शाळा काढली होती. परंतु १९२१ साली त्या निवर्तल्या. पाठोपाठ ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

वारस उरला नाही; संस्था मात्र उरली. केडगावात ती आजही चालू आहे.