विश्लेषण : ‘सडवा’ खरंच सडतो का? पाश्चर यांच्या झाकलेल्या द्राक्षांनी दिलेलं उत्तर

यवतमाळ जिल्ह्यात हातभट्टीवर छापा पडला की बातमीत एक शब्द हमखास येतो, मोहफुलांचा सडवा. भिजवलेली फुलं सडतात आणि दारू होते, असा त्याचा सरळ अर्थ. दीडशे वर्षांपूर्वी युरोपातले नामवंत रसायनशास्त्रज्ञही साधारण हेच मानत. लुई पाश्चर यांचं निम्मं आयुष्य हे मत खोडण्यात गेलं.

कातडी कमावणाऱ्याच्या घरी २७ डिसेंबर १८२२ रोजी जन्मलेले पाश्चर फ्रान्समधल्या आर्ब्वा या द्राक्षांच्या गावी वाढले. पदवी रसायनशास्त्राची. १८५६ मध्ये लील शहरात त्यांच्या एका विद्यार्थ्याचे वडील तक्रार घेऊन आले. बिटापासून अल्कोहोल करताना काही टाक्या आंबट होत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्या टाकीत गोलसर यीस्ट दिसलं, बिघडलेल्या टाकीत बारीक काड्यांसारखे जीव. म्हणजे हे सडणं नव्हतं. जिवंत यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवत होतं. हिशेबाने १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. प्रत्यक्षात थोडं ग्लिसरीनही तयार होतं, हे पाश्चर यांनीच मोजून दाखवलं.

मित्राच्या टिपणांचा धक्का

१८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू अधू झाली, तरी काम थांबलं नाही. खरी परीक्षा १८७८ मध्ये आली. त्यांचे मित्र, नामवंत शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार फेब्रुवारीत वारले आणि काही महिन्यांनी त्यांची अपुरी टिपणं छापली गेली. पिकलेल्या फळाच्या रसात यीस्टशिवायही अल्कोहोल होतं, असा त्यांचा सूर होता. दिवंगत मित्राशी वाद घालायचा कसा? पाश्चर यांनी वाद द्राक्षांवर सोपवला.

द्राक्षं हिरवी असतानाच त्यांनी आर्ब्वाजवळच्या मळ्यातल्या काही वेलींवर काचघरं उभारली. काही घड कापसात गुंडाळले. ऑक्टोबरमध्ये पिकलेली द्राक्षं चिरडली, तेव्हा उघड्यावरच्या घडांचा रस फसफसला. झाकलेल्यांचा तसाच गोड राहिला. यीस्ट फळाच्या आत नव्हतं, ते बाहेरून सालीवर येऊन बसत होतं. (पिशवीत राहिलेल्या द्राक्षांना येणारा आंबूस वास बहुधा याच पाहुण्यांचा.)

बर्नार पूर्ण चुकले होते?

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर वारले. दोनच वर्षांनी जर्मनीच्या एडुआर्ट बुखनर यांनी यीस्ट वाळूसोबत घोटलं, दाबून रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नसताना साखरेचं पाणी फसफसलं. काम करत होती यीस्टने बनवलेली विकरं, म्हणजे एन्झाइम. बुखनर यांना १९०७ चं नोबेल मिळालं. यीस्ट लागतंच, हे पाश्चर यांचं म्हणणं टिकलं. ते त्या वेळी जिवंत असावंच लागतं, हे मात्र टिकलं नाही.