डॉ. भाऊ दाजी लाड : रोग्यांचा आणि नगराचा धन्वंतरी

रोग्याची नाडी पाहावी ती डॉक्टरने आणि गावचा कारभार पाहावा तो पुढाऱ्याने, अशी सोयीस्कर वाटणी आपण करून टाकली आहे. पण रोग केवळ शरीरातून येत नाही; तो अज्ञानातून येतो, रूढीतून येतो, राज्यकर्त्यांच्या बेपर्वाईतूनही येतो. हे ओळखून दवाखाना आणि सभागृह या दोन्ही ठिकाणी आयुष्य वेचणारा एक मोठा माणूस एकोणिसाव्या शतकात मुंबईत होऊन गेला. त्याचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊंचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ च्या सुमारास, गोव्यातील मांद्रे गावी. घरची स्थिती बेताचीच. वडील मातीची चित्रे करून विकत. लहानग्या भाऊचे बुद्धिबळातील कसब एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आले आणि मुलाला इंग्रजी शिक्षण द्या, असे त्याने वडिलांना सुचविले. वडिलांनी ते मानले, मुंबई गाठली, आणि मातीची चित्रे करणाऱ्याचा मुलगा एल्फिन्स्टन संस्थेत शिकू लागला. घरात ज्यांनी प्रथमच कॉलेजची पायरी चढली आहे अशा आमच्यासारख्यांना भाऊंच्या चरित्रातील हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. मुलगा हुशार होता हे खरेच; पण त्याच्यासाठी गाव सोडणाऱ्या त्या बापाचे धाडसही लहान नव्हते.

कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येच्या दुष्ट चालीवर निबंध लिहून भाऊंनी बक्षीस मिळविले. एल्फिन्स्टनमध्येच ते शिक्षक झाले. इतक्यात १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. बसलेली नोकरी सोडून भाऊ पुन्हा विद्यार्थी झाले आणि त्या कॉलेजच्या पहिल्याच तुकडीत डॉक्टर होऊन बाहेर पडले. आज भिवंडीहून आपली माणसे ज्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी जातात, त्याच्याच आवारातले हे कॉलेज.

१८५१ मध्ये त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. हाताला यश होते. पैसा भरपूर आला. पण धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी धर्मार्थ दवाखानाही चालविला आणि गोरगरिबांना फुकट औषध दिले. समाजाने वाळीत टाकलेल्या कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी आपल्याकडील वनस्पतींचा अभ्यास केला व कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा प्रयोग केला. मात्र हे औषध त्यांनी बराच काळ उघड केले नाही, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही, कारण ज्ञान सर्वांना खुले असावे यासाठीच तर त्यांची सारी धडपड होती. थोरांच्या चरित्रात असा एखादा न सुटणारा गुंता राहतोच.

व्यवसायाचा जम बसला न बसला तोच ते राजकारणात उतरले. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. नाना शंकरशेट, दादाभाई नौरोजी यांच्यासारखी मंडळी तीत होती आणि चिटणीसपदाची जबाबदारी भाऊंनी उचलली. कंपनी सरकारच्या कारभारातील दोष दाखविणारा अर्ज या संस्थेने थेट विलायतेच्या पार्लमेंटकडे पाठविला. काँग्रेसचा जन्म व्हायला तेव्हा तेहतीस वर्षे अवकाश होता! पुढे १८६९ व १८७१ अशी दोनदा भाऊंना मुंबईच्या शेरीफपदाचा मान मिळाला. नगरवासीयांची जाहीर सभा बोलावण्याचा अधिकार या पदाला असे.

त्यांची खरी कसोटी लागली ती १८६२ च्या महाराज लायबल खटल्यात. करसनदास मूळजी यांनी काही धर्मगुरूंच्या अनाचाराविरुद्ध लेखणी उचलली आणि त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला. भाऊंनी डॉक्टर या नात्याने न्यायालयात साक्ष दिली आणि धर्मगुरूंच्या गुप्तरोगाविषयीची माहिती उघड केली. रोग्याचे गुपित राखावे की अन्यायाला तोंड फोडावे, हा पेच साधा नव्हता. धनिकांचा रोष पत्करून त्यांनी दुसरा मार्ग निवडला.

त्यांच्या विद्याव्यासंगाविषयी तर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी वाचले, कालिदासाच्या काळावर निबंध लिहिला, आणि भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या तरुण संशोधकाला हाताशी धरून गावोगावचे शिलालेख उतरवून आणविले. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांची गणना होते. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय उभे राहावे म्हणून त्यांनी चिटणीस या नात्याने खटपट केली आणि १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले.

सुताच्या भावावर ज्या गावाची चूल पेटते, त्या आपल्या भिवंडीकरांना भाऊंच्या उत्तरायुष्याचे दुःख चटकन कळेल. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरच्या सट्ट्याचे वेड साऱ्या शहराला लागले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले आणि भल्याभल्यांची दिवाळी निघाली. भाऊंचीही कमाई त्यात बुडाली. इतका शहाणा माणूस, पण लाटेत सापडला! तरीही त्यांची लोकसेवा थांबली नाही. शेरीफपदाचे दोन्ही मान त्यांना मिळाले ते या पडझडीनंतरच. लोकांनी त्यांची तिजोरी पाहिली नाही, माणूस पाहिला.

३१ मे १८७४ रोजी भाऊ निवर्तले. १९७५ मध्ये भायखळ्याच्या त्या संग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले. राणीच्या बागेत आपण सहलीला जातो, प्राणी पाहतो आणि परततो. विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी शेजारच्या त्या वास्तूतही अवश्य डोकावा. शिक्षणाने माणूस मोठा होतो, हे आपण नेहमी ऐकतो. मोठ्या झालेल्या माणसाने ते मोठेपण गावासाठी कसे खर्च करावे, हे भाऊ दाजींच्या आयुष्यातून शिकण्यासारखे आहे.